वस्तादांचं बोट

५ एप्रिल २०१४, शनिवार

शाळेत निबंध म्हटला की मी डोक्याला पाय लावून पळायचो. आज मात्र कोपऱ्यावरच्या डेअरीतून (इथे वाण्याच्या दुकानालाही डेअरीच म्हणतात) दुधाबरोबर ही वही आणली, कारण आजचा दिवस कुठेतरी लिहून ठेवायलाच हवा. चार वर्षं इथल्या, ऑकलंडच्या, पोर्टेज रोव्हर्स फुटबॉल क्लबने मला राखीव संघात कुजवलं. आज, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, गुरुदत्त पहिल्या संघातून खेळला!

ही सगळी नव्या कोचची कृपा. रे फर्टाडो. अमेरिकन माणूस, सत्तरीला आलेला, पण मनगट मी काम करतो त्या टायरच्या दुकानातल्या पान्ह्यासारखं. मागच्या महिन्यात सरावाला त्यांनी माझं एक टॅकल पाहिलं आणि शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं. "कुठे शिकलास हे?" मी म्हटलं, कोल्हापूर. "ते काय जेल आहे का?" मी म्हटलं, नाही कोच, गाव आहे. जेलसुद्धा आहे, पण मी तालमीत शिकलो. न्यू लिनमध्ये तालीम म्हणजे काय हे कुणाला सांगणार! आमच्याकडे आखाड्याच्या तांबड्या मातीतून फुटबॉलचे संघ निघतात, हे पुण्या-मुंबईच्या लोकांनाही खरं वाटत नाही.

आज सामना सुरू व्हायच्या आधी ते माझ्याजवळ आले. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट समोरच्या सात नंबरकडे केलं आणि मग तेच बोट स्वतःच्या घोट्याकडे नेलं. तोंडातून शब्द नाही. माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पिंपळगल्ली तालमीचे वस्ताद अगदी हेच करायचे. वस्तादांनी बोट दाखवायचं, पोराने विचारायचं नाही. पुढे आभाळ कोसळलं तरी वस्तादांचं नाव तोंडातून काढायचं नाही. आणि बदल्यात वस्ताद जन्मभर पोराच्या पाठीशी. पोलीस असो, दवाखाना असो, नाहीतर पोरगी बघायला जायचं असो.

सात नंबर लाल केसांचा होता, पळायला वारा. बॉल त्याने कधीच पुढे दिला होता, मी तरी गेलोच, दोन्ही पायांनी. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. गडी गवतावर पडून ओकायला लागला आणि त्याचा बूट भलतीकडेच वळलेला होता. रेफरी लांब होता, पिवळ्या कार्डावर भागलं. हाफ टाइमला कोचनी मला बाहेर घेतलं, लाल कार्ड मिळू नये म्हणून. किती जपतात!

सामना संपल्यावर मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. ते म्हणाले, "लॉस्ट समथिंग?" मी नुसता हसलो. मला जे सापडायचं ते सापडलं होतं.

१३ एप्रिल, रविवार

आज ट्रेनने पापाकुऱ्याला, विनयाकडे. धाकटी बहीण म्हणून मी तिला लाडाने वाढवलं असं म्हणायची पद्धत आहे, पण या देशात तिनेच मला वाढवलंय. मी विद्यार्थी होतो तेव्हा तिच्या सोफ्यावर झोपायचो. तिचा नवरा यतीन, आमचे दाजी, आयटीतले, कोथरूडचे. स्वभावाने गाय. तेही खेळतात, तिकडच्या साउथगेट ॲथलेटिककडून, मिडफिल्डला. बॉल असा देतात की जणू कुणाला पेढा देतायत.

"दादा, तू फुटबॉल खेळतोस की मारामारी करतोस?" विनया पोळ्या लाटता लाटता म्हणाली. लाल केसवाल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. ऑकलंडमध्ये आपल्या लोकांत काही लपत नाही.

"अगं, मध्ये आला तो."

"बॉल कुठे होता पण?" दाजी म्हणाले. "मी ऐकलं की बॉल तेव्हा पार थ्रो-इनला गेलेला."

"दाजी, तुम्ही पुण्याचे. तुमच्याकडे फुटबॉल बघायला लोक शाल पांघरून येतात."

दाजी खो खो हसले. विनया हसली नाही. भाची श्रिया पाच वर्षांची आहे, सगळं मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. ती माझ्या मांडीवर बसून म्हणाली, "मामा, आर यू अ बॅडी?" मी म्हटलं, नाही गं, मामा गुडी आहे. तिचे गाल ओढले.

१० मे, शनिवार

आज बोट अकरा नंबरकडे होतं आणि मग दातांकडे. कॉर्नरला उडी मारताना कोपर घातलं. त्याचे दोन दात पडले, त्यातला एक माझ्या बाहीत अडकला होता, घरी आल्यावर सापडला. पुढच्या पाच मिनिटांत त्यांच्या सेंटर-बॅकने डोक्याने माझी भुवई फोडली. रक्ताने डोळा बंद, तरी मी खेळत होतो. हाफ टाइमला वस्तादांनी मला बाकावर बसवलं, खिशातून चिकटवायची ट्यूब काढली आणि भुवईच्या दोन कडा दाबून धरल्या. (हो, आता मी त्यांना वस्तादच म्हणतो. ते "व्हस्टाड" म्हणून बघतात आणि हसतात.) आग आग झाली. पण बापानंतर माझं तोंड असं कुणी दोन्ही हातांत धरलं नव्हतं.

परतीला त्यांच्या यूटमध्ये, म्हणजे पिकअप गाडीत, पुढे बसलो. त्यांनी घरच्यांची चौकशी केली. इथे चार वर्षांत एकाही गोऱ्याने माझ्या घरची चौकशी केली नव्हती. मी भडाभडा सगळं सांगितलं. विनया, श्रिया, दाजी. दाजी कसे सुंदर खेळतात, कॉलेजात असताना गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, पुण्यात ऑपरेशन झालं, डॉक्टर नको म्हणत होते तरी जिद्दीने परत उभे राहिले.

"कुठला गुडघा?"

"डावा."

"बिचारा," ते म्हणाले. "अजून पट्टी बांधतो का?"

इतकं बारीक कोण विचारतं? वरून दगड, आतून लोणी असा माणूस आहे.

२१ जून, शनिवार

मोठा राडा. गोलकीपरच्या जबड्यावर गुडघा बसला, माझाच. त्याचं खालचं तोंड वरच्या तोंडाशी जुळेना. मग दोन्ही बाकांवरचे लोक आत. मी एकाला कानशिलात दिली, दोघांनी मला खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. कीपरच्या बायकोने छत्रीने मला झोडलं, ते मात्र मी गुमान खाल्लं. बाईमाणूस, त्यात नवऱ्याचं तोंड वाकडं झालेलं.

क्लबरूममध्ये माझ्या टेबलावर कुणी बसत नाही. दरारा म्हणतात तो हाच. फक्त कॅप्टन हेमी आला. किया ओरा असा माओरी नमस्कार करून माझ्यासमोर गरम चिप्सची पुडी ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, "गुरू, एक विचारू? गेल्या महिन्यात तुला बॉल किती वेळा पास झाला?"

"मला पासची गरज नाही ब्रो. मी बॉल काढून घेतो."

"तू बॉल नाही काढून घेत ब्रो, माणूस काढतोस. मग कोच तुला बाहेर काढतो. हे बरोबर नाही. ही इज नॉट युअर मेट."

मी चिप्सची पुडी त्याच्याकडे परत सरकवली. कॅप्टनला आत कुठेतरी जळत असणार. वस्तादांचा लाडका कोण, हे सगळ्यांना दिसतंय.

१२ जुलै, शनिवार

पावसाने मैदान बंद, आणि योगायोग बघा, आजच गुरुपौर्णिमा! नारळ, हार आणि विनयाच्या लग्नातला फेटा घेऊन थेट वस्तादांच्या घरी गेलो. एकटेच राहतात. मी गॅरेजमध्ये स्टुलावर बसवून त्यांना फेटा बांधला. त्यांनी यूटच्या आरशात स्वतःला पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग दोन बिअर काढल्या आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलले.

फॉल रिव्हर नावाचं गाव. कापडगिरण्या. बाप मागावर, पोरं कोळशाच्या राखेच्या मैदानावर. तेव्हा अमेरिकेत या खेळाला कुत्रं विचारत नव्हतं. निकाल छापून यायचा तो मासेमारीच्या बातम्यांखाली. आणि सदुसष्ट साली अचानक श्रीमंतांना हुक्की आली, व्यावसायिक लीग सुरू झाली. विमानं भरून खेळाडू आणले, स्कॉटलंडचे, ब्राझीलचे, युगोस्लाव्हियाचे. प्रत्येक संघात एखाद-दुसरा अमेरिकन ठेवायचे, लोकांना उच्चारता येईल असं एक तरी नाव असावं म्हणून. वस्ताद तेव्हा बावीस वर्षांचे. मॅनेजर स्कॉटिश. पहिल्याच दिवशी म्हणाला, तुला खेळता येत नाही पोरा, पण तू दांडगा आहेस. तो दहा नंबर दिसतो? जा, ओळख करून घे.

पाच वर्षं त्यांनी हीच ओळख करून घेतली. डेट्रॉइटला ब्राझीलच्या एकाचं गळ्याचं हाड मोडलं. डॅलसला ऑस्ट्रियाच्या एकाची नडगी, कातडीतून बाहेर आलेली. सांगताना त्यांचे हात हवेत चालत होते, कुठला पाय आधी, कुठला नंतर. पाच वर्षांत एकही गोल नाही. "पण लोक माझं नाव घेऊन ओरडायचे, सन. इतरांची नावं त्यांना यायचीच नाहीत." एकाहत्तर साली त्रिनिदादचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता, असं म्हणाले आणि थांबले. बाटलीवरचा कागद नखाने खरवडत बसले. पुढच्या वर्षी ते न्यूझीलंडला आले आणि फ्रीझिंग वर्क्समध्ये मेंढ्या कापायला लागले.

मधलं मी विचारलं नाही. मोठ्या माणसाची जखम उकरू नये.

निघताना त्यांनी विचारलं, या व्हस्टाडने करायचं काय असतं? मी म्हटलं, काही नाही, पोराच्या पाठीशी उभं राहायचं. ते मोठ्याने हसले. "शुअर, सन. शुअर." फेटा डोक्यावर तसाच होता.

२ ऑगस्ट, शनिवार

कपची उपांत्यपूर्व फेरी जिंकलो. आज सहा नंबर. टाचेमागच्या शिरेवर बुटाचे सगळे स्टड ठेवून उभा राहिलो, रबर तुटतं तशी तुटली. पुढची फेरी कुणाशी म्हणून फोनवर पाहिलं आणि हसूच आलं. साउथगेट ॲथलेटिक! दाजी विरुद्ध मेव्हणा.

वस्तादांना सांगितलं. त्यांना आधीच माहीत होतं. "पट्टी कुठल्या गुडघ्याला म्हणालास?" मी म्हटलं, डाव्या, पण हल्ली बांधत नाहीत. त्यांनी मान हलवली. नातं त्यांनी लक्षात ठेवलंय हे बघून बरं वाटलं.

१७ ऑगस्ट, रविवार

विनयाकडे जेवण. दाजी मूडमध्ये होते. "गुरुदत्त, शनिवारी माझ्या आसपास दिसू नकोस हां. तुझी ख्याती साउथगेटपर्यंत आली आहे. आमच्या दोघांनी तर पाठदुखी काढली आहे शनिवारची."

"दाजी, तुम्हाला मी नारळ-शेला देऊन आत सोडतो."

विनयाने माझ्या ताटात भात वाढला आणि डाव तसाच धरून उभी राहिली. "दादा, चेष्टा पुरे. यांचा गुडघा परत गेला तर डॉक्टर म्हणालेत, नीट चालणंही अवघड. शपथ घे. श्रियाच्या डोक्यावर हात ठेवून."

"अगं वेडी का काय?"

"ठेव."

मी ठेवला. श्रिया टीव्ही बघत होती, तिने हात झटकला. मी विनयाला म्हटलं, आमच्या वस्तादांना नातं माहीत आहे, ते मला असलं काही सांगणारच नाहीत. ती म्हणाली, "म्हणजे त्यांनी सांगितलं तर करशील?" बायकांना शब्दात पकडायची सवय असते. मी भात कालवला.

२३ ऑगस्ट, शनिवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, समजून घ्यावं. कोण समजून घेणार आहे म्हणा.

साउथगेटचं मैदान, नुसता चिखल. विनया गमबूट घालून लाइनीवर उभी होती, श्रियाला कडेवर घेऊन. मला बाकावर बसवलं होतं. दाजी काय खेळत होते! त्या चिखलात त्यांच्या पायाला बॉल चिकटून होता. त्यांच्याच पासवर साउथगेटने गोल केला आणि मी, विरुद्ध बाकावर बसून, जवळजवळ टाळी वाजवली.

दुसऱ्या हाफमध्ये वस्तादांनी हाक मारली. मी जर्सी खोचून उभा राहिलो. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि बोट आठ नंबरकडे केलं. मग स्वतःच्या डाव्या गुडघ्याकडे.

मला वाटलं, चूक झाली. म्हटलं, "कोच, दॅट्स माय ब्रदर-इन-लॉ."

"आय नो हू ही इज, सन."

बोट तसंच होतं.

लिहिताना वाटतं की तिथे मी खूप विचार केला असेल. नाही केला. तालमीत एकच शिकवतात, रेषेच्या आत भाऊ नाही, मामा नाही. आणि वस्तादांना विचारायचं नसतं, तरी मी आधीच एकदा विचारून बसलो होतो, त्याचीच लाज वाटत होती. आत गेलो. दाजी मला बघून हसले. "आलास का? ये, ये."

बॉल त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती. डावा पाय चिखलात रुतलेला. मी बाजूने आलो आणि सगळं वजन गुडघ्याच्या सांध्यावर घातलं. पाय आत वाकला, जिकडे गुडघा वाकत नाही तिकडे. आवाज माझ्या दातांत ऐकू आला. दाजी ओरडले नाहीत. चिखलात बसून स्वतःच्या पायाकडे असे बघत होते, की हा कुणाचा. ओरडली ती विनया. "दादा!" एवढंच.

मग साउथगेटवाले माझ्यावर तुटून पडले. एक दात गेला, ओठ फाटला, कुणीतरी पाठीवर उभं राहिलं. मी हात उचलला नाही. हेमीने मला ओढून बाहेर काढलं आणि काढताना त्यानेही एक ठेवून दिली. लाल कार्ड. बाकाकडे पाहिलं तर वस्ताद दुसऱ्या खेळाडूला काहीतरी समजावत होते. माझ्याकडे बघितलं नाही. बरोबरच आहे, वस्ताद चारचौघांत ओळख दाखवत नाहीत. ते घरी येतात.

२४ ऑगस्ट, रविवार

वस्ताद आले नाहीत. उशीर झाला असेल.

सकाळी मिसळ केली. आमच्याकडे रीतच आहे. शनिवारी मैदानात एकमेकांची डोकी फोडायची, रविवारी एका टेबलावर मिसळ खायची. मारणारा घेऊन येतो, मार खाणारा पहिला घास घेतो, विषय मिटला. किती मोडकी हाडं मी अशी मिटलेली पाहिली आहेत. डब्यात कट वेगळा, फरसाण वेगळं, पाव वेगळे बांधून हॉस्पिटलला गेलो.

विनया वॉर्डाच्या दारातच होती. कालचे गमबूट तसेच पायात. "काय आहे ते?"

"मिसळ. दाजींना..."

तिने डबा उघडून बघितला. माझ्याकडे बघितलं. मग सगळा कट माझ्या छातीवर ओतला आणि रिकामा डबा तोंडावर मारला, जिथे दात गेला होता तिथेच. कट गरम होता. लोक बघत होते. ती मराठीत म्हणाली, "सात तास ऑपरेशन चाललं त्यांचं. आणि तू मिसळ आणलीस."

तिला आमच्या खेळातलं कळत नाही. दाजींना भेटू दिलं असतं तर त्यांना कळलं असतं. छातीला फोड आलेत.

१८ सप्टेंबर, गुरुवार

फुटबॉल संघटनेपुढे सुनावणी. वस्ताद त्या दिवसानंतर आज पहिल्यांदा दिसले. कोट घातला होता. मी उभा राहून नमस्कार केला, त्यांनी खुर्ची ओढली.

मला विचारलं, कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कुणीही नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग वस्ताद बोलले. शांत आवाजात. "मी या मुलाला सांगितलं होतं, त्या गुडघ्यापासून लांब राहा. सगळ्या बाकाने ऐकलं असेल. पण त्याच्यात काहीतरी आहे, जे माझ्याही हाताबाहेर आहे."

मग मी स्वतःला समजावलं. तालीम वाचवायची तर वस्ताद वाचले पाहिजेत, त्यांनी हे बोलणं भागच होतं. आत नक्कीच तुटत असतील. नजर चुकवत होते ते त्यामुळेच.

दहा वर्षं बंदी. म्हणजे संपलंच.

बाहेर हेमी उभा होता. म्हणाला, मी तुझ्यासाठी आत येऊन सांगतो, मी ते बोट डोळ्यांनी पाहिलंय. मी म्हटलं, कुठलं बोट? तो कपाळावर हात मारून गेला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा. कोल्हापूरला फोन केला, आई रडत होती. विनयाने तिला सांगितलंय. मी म्हटलं, खेळात होतं असं. आईने फोन ठेवला. वस्ताद काही अजून आले नाहीत. बहुतेक प्रकरण थंड व्हायची वाट बघत असतील.

२५ ऑक्टोबर, शनिवार

विनयाचा मेसेज आला होता, भाऊबीजेला ये. दोन महिन्यांत पहिला शब्द. मी नवा शर्ट घेतला. ट्रेनमध्ये एकटाच हसत होतो, बाजूची बाई उठून दुसरीकडे बसली.

दाजी सोफ्यावर होते, डाव्या पायाला बाहेरून लोखंडी सळ्या, कातडीत घुसलेल्या. वीस किलो तरी उतरलेत. मी त्यांच्या पायांशी वाकलो तर त्यांनी पाय मागे घ्यायचा प्रयत्न केला, घेता आला नाही. श्रिया दारामागून म्हणाली, "आई, ही केम."

पाट मांडला होता. विनयाने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, निरांजन ओवाळलं. चेहऱ्यावर काही नाही. मी खिशातलं पाकीट काढून ताटात ठेवायला गेलो.

"ते नको," ती म्हणाली. "मी मागीन ते देशील?"

"माग की!" माझा आवाज फाटला. मला वाटलं, मिटलं. अखेर मिटलं.

तिने दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "तुझा कोच आला होता हॉस्पिटलात. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी. फुलं घेऊन."

माझा ऊर भरून आला. म्हणजे आले होते तर! माझ्याकडे नाही, पण माझ्या माणसाकडे आले होते.

"म्हणाला की गुडघ्याचं त्याला तूच सांगितलंस. कुठला, कधीचा, पट्टी बांधतो की नाही. म्हणाला, सेमीफायनल लागल्यापासून तुझ्या डोक्यात तेच होतं, त्याने तुला परोपरीने अडवलं."

"मी यांना म्हटलं, तो म्हातारा खोटं बोलतोय," विनया म्हणाली. ताट अजून तिच्या हातात होतं आणि ज्योत हलत होती. "दोन महिने मी यांच्याशी यावरून भांडतेय. मी म्हटलं, दादा डोक्याने गरम आहे, मूर्ख आहे, पण आमच्या घरातली गोष्ट तो कुणाला अशी विकणार नाही. हीच माझी ओवाळणी. फक्त नाही म्हण. म्हण, मी गुडघ्याचं सांगितलं नव्हतं. मी विश्वास ठेवीन."

मी तोंड उघडलं. यूट आठवली, भुवईवरची आग आठवली. कुठला गुडघा? डावा.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "पण तसं नव्हतं गं. त्यांनी चौकशी केली. मायेने विचारलं."

सळ्यांमधून दाजींची पोटरी थरथरत होती. विनयाने निरांजन बोटांनी चिमटून विझवलं. चटका बसला असणार, तिने हात मागे घेतला नाही. पाकीट उचलून माझ्या नव्या शर्टाच्या खिशात घातलं, दार उघडलं आणि धरून उभी राहिली. मी चपला हातात घेऊनच बाहेर पडलो.

२६ ऑक्टोबर, रविवार

पोलीस येतो म्हणालेत, त्याआधी लिहून टाकतो.

सकाळी वस्तादांकडे गेलो. भांडायला नाही. एकच विचारायचं होतं. ते घरापुढचं गवत कापत होते, मला बघून मशीन बंद केलं. लाँग वीकेंड कसा आहे म्हणाले, जणू काल भेटलो होतो.

मी म्हटलं, माझं नाव तुम्ही सुनावणीत घेतलं ते मी सोसलं. दाजींना का सांगितलं? ते पोलिसांत जाणारच नव्हते.

"हॉस्पिटलात पडलेला माणूस पोलिसांत जातोच, सन. कुणाविरुद्ध जायचं ते आधी ठरवून द्यावं लागतं." त्यांनी रुमालाने मान पुसली. आवाजात राग नव्हता, लबाडीही नव्हती. सरावाला समजावतात तसे समजावत होते. "त्या त्रिनिदादच्या मुलाच्या वेळी माझ्या मॅनेजरने हेच केलं. मुलाच्या आईला जाऊन भेटला. माझ्याबद्दल जवळजवळ हेच शब्द. मी गप्प बसलो आणि कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी आलो. तू अजून तरुण आहेस. ऑस्ट्रेलिया बघ."

"तुम्ही म्हणाला होतात, पाठीशी उभा राहीन."

"होतो की. बॉल तुझ्याकडे होता तोवर."

"दाजी माझे होते," मी म्हटलं. "विनया माझी होती. इथे मला दुसरं कुणी नाही."

"मलाही नव्हतं," ते म्हणाले आणि मशीनची दोरी ओढायला वळले. डावा पाय गवतात रोवला.

मी ठरवलं नव्हतं. पायांनी ठरवलं. बाजूने आलो, बूट सांध्यावर, वजन सगळं. म्हाताऱ्याचं हाड, दाजींपेक्षा लवकर गेलं. ते मशीनवर आपटले आणि मग कुशीवर पडले, पाय मांडीखाली उलटा. त्यांच्या तोंडाला फेस आला होता. मी अजून एक लाथ घालणार होतो, पाय उचललाही होता.

त्यांनी हात वर केला. मला वाटलं, मारू नको म्हणतायत. तोंड राखेसारखं झालं होतं, दातांतून श्वास शिट्टीसारखा येत होता. आधी ते आपल्या गुडघ्याकडे बघत राहिले, नीट, डोळे बारीक करून. मग माझ्याकडे.

"पाय रोवलेला असतानाच," ते म्हणाले. "नाइस टायमिंग, सन."

मी पाय खाली ठेवला. त्यांच्याच फोनवरून इमर्जन्सीचा १११ लावला, माझं नाव स्पेलिंगसकट सांगितलं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांच्या शेजारी गवतात बसून राहिलो. खोटं कशाला लिहू, ते ऐकून मला बरं वाटलं होतं.